वेब होस्टिंग म्हणजे नक्की काय असतं? मित्र सगळं बघतोय तर मला समजून घ्यायची गरज आहे का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. तुम्ही म्हणताय की घरगुती मसाल्यांची साइट काढायची आहे, मित्र म्हणतो डोमेन, होस्टिंग सगळं मी बघतो, तू फक्त फोटो दे, मग हे सगळं समजून घ्यायची मला गरज आहे का. आहे. शंभर टक्के आहे. हेच वाक्य आमच्या घरात २०१५ साली बोललं गेलं होतं आणि त्याचे पैसे आम्ही २०१९च्या जानेवारीत भरले.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. आजोबांपासूनचा. मूर्ती परदेशातही जातात, आणि बोटीने जायच्या म्हणून चार-पाच महिने आधी निघाव्या लागतात, त्यामुळे तिकडच्या ऑर्डरी आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीतच पक्क्या होतात. ही मंडळी काही पेणला येऊन मूर्ती बघत नाहीत, साइटवर बघतात आणि मेल करतात. २०१५ला ओळखीतल्या एका मुलाने साइट करून दिली, छान केली होती, काही खोट नाही. मी तेव्हा म्हटलं होतं की त्याचे पासवर्ड वगैरे आपल्याकडे लिहून घेऊ या. तर माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, कारखान्याचा हिशेब तोच बघतो, तो म्हणाला, "आपण मूर्ती करायच्या, त्याने साइट करायची. आपल्याला कळून काय करायचंय?" आप्पा, म्हणजे माझे वडील, गप्प बसले. मी लग्न होऊन ठाण्याला गेलेली, म्हटलं जाऊ दे.

जानेवारी २०१९. मेलबर्नच्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा आप्पांना व्हॉट्सअॅप आला, "काका, कारखाना बंद केलात का? साइट उघडत नाही, मेल पण परत येतोय." आप्पांनी तो मेसेज मला पुढे पाठवला, वर एक शब्दही न लिहिता. मी ऑफिसात होते. चाळीस वर्षं शाडूत हात घातलेल्या माणसाला कोणीतरी विचारतंय की कारखाना बंद केलात का. अजून तो मेसेज आठवला की पोटात कालवतं.

दादाला फोन केला तर तो म्हणाला असं होणारच नाही, दिवाळीतच होस्टिंगचे पैसे भरलेत, पावती आहे. पावती खरंच होती. होस्टिंग कंपनीला विचारलं तर ते म्हणाले आमचा सर्व्हर चालू आहे, तुमची साइटही चालू आहे. मी म्हणतेय दिसत नाही, ते म्हणतायत चालू आहे. संध्याकाळपर्यंत हेच.

आणि दोघंही खरं बोलत होते. होस्टिंग समजून घ्यायची जागा हीच आहे, म्हणून एवढं सांगितलं.

साइट म्हणजे शेवटी फायली. फोटो, मजकूर, डेटाबेस म्हणजे माहितीचा साठा. त्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर असतात, तो चोवीस तास चालू असतो आणि कोणी मागितलं की पान काढून देतो, तो सर्व्हर. त्या कॉम्प्युटरवरची जागा भाड्याने घेणं म्हणजे होस्टिंग. टिम बर्नर्स-लीने १९९०मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पहिला वेब सर्व्हर चालवला तो साधा टेबलावरचा कॉम्प्युटर होता आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली होती की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. आजही काम तेच, फक्त चिठ्ठीच्या जागी जनरेटर, एसी आणि पाळीवर माणसं आहेत, आणि तुम्ही भाडं भरता ते त्याचं.

पण त्या कॉम्प्युटरचा पत्ता म्हणजे आकडे, आयपी अॅड्रेस. माणसं आकडे लक्षात ठेवत नाहीत, नाव ठेवतात. ते नाव म्हणजे डोमेन, आणि ते वेगळ्या ठिकाणी नोंदवलेलं असतं, रजिस्ट्रारकडे, त्याचं भाडं वेगळं, त्याची तारीख वेगळी. एकाच कंपनीकडून दोन्ही घेतलं तरी गोष्टी दोनच. आणि या नावाला कुठला आकडा लावायचा हे सांगणारी तिसरी गोष्ट म्हणजे डीएनएस. दादाने जागेचं भाडं भरलं होतं. नावाचं कोणी भरलंच नव्हतं. नाव त्या मुलाच्या अकाउंटमध्ये, त्याच्या मेलवर होतं, तो बंगळुरूला नोकरीला गेलेला, तो जुना मेल त्याने सोडून दिलेला. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली. डॉट कॉमसारख्या डोमेनला रजिस्ट्रारने साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत, अशा तीन तरी सूचना पाठवायच्याच असा आयकॅनचा, म्हणजे जगभरातल्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. पाठवल्याच असणार. तिन्ही त्या बंद पडलेल्या मेलबॉक्सात. आणि आमचा ऑर्डरीचा मेलही त्याच नावावर चालायचा, नाव गेलं तसा तोही गेला, हे तर आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या शनिवारी मी पेणला गेले. ऑफिसातल्या आयटीच्या सहकाऱ्याने फोनवर एक युक्ती सांगितली होती. आधी मी होस्टिंग कंपनीच्या जुन्या मेलमधला आयपी नुसताच ब्राउजरमध्ये टाकून बघितला, तर आमची साइट नाहीच, कंपनीचंच कसलंतरी कोरं पान आलं. कारण शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर, एकाच आयपीवर शेकडो साइट राहतात. चाळीत पोस्टमन आला तर नुसता चाळीचा पत्ता पुरत नाही, खोली कोणाची ते नाव लागतं, तसं ब्राउजर पान मागताना नावही सांगतो आणि सर्व्हर त्या नावावरून ठरवतो कोणाचं पान काढायचं. मग मी लॅपटॉपमधल्या होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली, आधी तो आकडा, पुढे आमचं नाव. सेव्ह केलं, ब्राउजर बंद करून उघडला, आणि साइट आली. सगळीच्या सगळी. चौरंगावर बसलेला आमचा गणपती, लालबागच्या धर्तीची मूर्ती, सगळं जागच्या जागी.

आप्पा चष्मा पुसून जवळ आले, म्हणाले, "आहे की गो. मग मेलबर्नला का दिसत नाही?"

"आप्पा, कारखाना जागेवर आहे, गणपती रांगेत आहेत, फक्त गावातल्या सगळ्यांना कोणीतरी तुमच्या नावाचा रस्ता विसरायला लावलाय. मी माझ्या लॅपटॉपला तेवढा पाठ करून दिला."

त्यांना एका मिनिटात कळलं. दादालाही कळलं, तो फक्त बोलला नाही. सुरुवातीला म्हणे सगळ्या नेटवर्कचं असंच चालायचं, नावं आणि आकडे यांची एकच फाइल, ती कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळायचे आणि बाकीचे तिची कॉपी घ्यायचे. मशीनं वाढली तशी ती फाइल पुरेना, म्हणून १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिसने डीएनएसची रचना मांडली. आपल्या लॅपटॉपमधली होस्ट्स फाइल ही त्या जुन्या फाइलचीच नात आहे, आणि तिने त्या दिवशी आम्हाला धीर दिला.

तोवर उशीर झाला होता. मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवस साध्या दरात रिन्यू करू देतो, डॉट कॉमला जास्तीत जास्त ४५ दिवस, पण प्रत्येकाचे दिवस वेगळे, आमच्याचे संपले होते. त्यानंतर ३० दिवस रिडेम्प्शन, म्हणजे नाव मिळतं पण दंड भरून. त्यानंतर ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते नाव जगातला कोणीही घेऊ शकतो. आम्ही त्या तिसात होतो. त्या मुलाला शोधायला दोन दिवस गेले, त्याच्या मावशीकडून नंबर मिळाला. बिचारा खरंच घाबरला, रात्री अकरा वाजता जुना मेल परत मिळवून त्याने ओटीपी दिला. हजाराच्या आत होणारं काम, नऊ हजारांना पडलं.

नाव परत आलं तरी सगळीकडे एकदम दिसलं नाही. आप्पांच्या फोनवर साइट आली आणि दादाच्या नाही, कारण दोघांची सिमकार्डं वेगळ्या कंपन्यांची, आणि प्रत्येक कंपनीचा डीएनएस जुनं उत्तर, आमच्या बाबतीत "असं नाव नाही" हे उत्तर, ठरलेल्या वेळापुरतं लक्षात ठेवतो. ते विसरायला वेळ जातो. हे माहीत नसलं की माणूस घाबरून सेटिंग बदलत बसतो आणि आणखी घोळ घालतो. अशा वेळी हात बांधून बसायचं.

त्याच रात्री मी एक काम केलं, कंट्रोल पॅनेलला, म्हणजे होस्टिंग कंपनीने साइट सांभाळायला दिलेल्या पानावर, लॉगिन होऊन सगळ्या फायली आणि डेटाबेस उतरवून घेतला. आप्पांच्या जुन्या मूर्तींचे फोटो, ज्यांचे साचे आता राहिले पण नाहीत, ते फक्त त्या सर्व्हरवर होते, घरचा कॉम्प्युटर २०१७लाच गेलेला. उलटं झालं असतं, म्हणजे नाव राहिलं असतं आणि होस्टिंगचे पैसे चुकले असते, तर थोड्या दिवसांत ते सगळं पुसलं गेलं असतं. नाव दंड भरून मिळतं, पुसलेल्या फायली मिळत नाहीत. आणि बॅकअप त्याच कंपनीच्या त्याच जागेत ठेवून उपयोग नाही. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत गेली, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती त्यांच्या साइट कायमच्या गेल्या.

आता तुम्ही कोणती होस्टिंग घ्यावी विचारलंय, तर थोडक्यात. साइट दोन तऱ्हेची. एक म्हणजे तयार पानं, रंगवून फळीवर ठेवलेल्या मूर्ती, कोणी मागितली की उचलून द्यायची. दुसरी म्हणजे वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालते तसली, प्रत्येक मागणीला साच्यातून काढायची, रंगवायची, मग द्यायची, तिथे साचा म्हणजे थीम, साइटचं रूप ठरवणारी, आणि माती म्हणजे डेटाबेस. दुसरीला सर्व्हरला जास्त राबावं लागतं, म्हणून कॅशिंग करतात, म्हणजे एकदा काढलेल्या मूर्ती फळीवर तयार ठेवतात. तुमचे पंधरा-वीस मसाले आणि व्हॉट्सअॅपवर ऑर्डर असेल तर तयार पानं पुरतात, ती फुकटसुद्धा ठेवता येतात. साइटवरच पैसे घ्यायचे असतील तर लहानातली लहान शेअर्ड होस्टिंग घ्या, गिऱ्हाईक इथलं असेल तर मुंबईतला सर्व्हर बघा. व्हीपीएस, क्लाउड वगैरे मोठ्या साइटसाठीचे प्रकार आत्ता अजिबात नकोत. अनलिमिटेड लिहिलेलं असेल तर अटी वाचा, फायलींच्या संख्येला तरी मर्यादा असतेच. पहिल्या वर्षाचा दर बघू नका, रिन्यूअलचा बघा. कुलपासाठी, म्हणजे साइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली देवघेव मधे कोणाला वाचता येऊ नये म्हणून असलेल्या एसएसएलसाठी, वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेमुळे ते फुकट मिळतं. आणि पाच-पाच एमबीचे फोटो चढवू नका, बऱ्याच साइट होस्टिंगमुळे नाही, फोटोंमुळे रखडतात.

दादा अजूनही म्हणतो की त्या मुलाने मदत केलीच ना, मग तुला कळत असतं तरी काय फरक पडला असता. फरक हा पडला असता की ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले मेल आप्पांच्या फोनवर आले असते. त्यांना इंग्रजी कमी वाचता येतं, पण त्यांनी मला विचारलं असतं, गो हे काय आलंय. आणि मी हजार रुपये भरले असते. त्या वर्षी मेलबर्नची ऑर्डर टिकली, पण एक दुसरी मोठी ऑर्डर, जिचे मेल त्या दिवसांत परत गेले होते, ती दुसऱ्या कारखान्याला गेली, आणि दादा हे हिशेबात धरत नाही. मूर्ती आपण करतो तर मूर्तीखालचं नावही आपणच सांभाळायचं, यात मला काही अवघड दिसत नाही.

मित्रावर संशय घ्या असं मी म्हणत नाहीये, हे आधीच लिहायला हवं होतं. तो सगळं करू दे, डीएनएसमध्ये नावाला आकडा लावू दे, थीम बसवू दे. फक्त डोमेन तुमच्या अकाउंटमधून, तुमच्या मेलवर, तुमच्या कार्डाने घ्या, आणि त्याला काम करायला वेगळं लॉगिन द्या. तो मेल त्याच डोमेनवरचा नको, साधा जीमेल ठेवा, नाहीतर डोमेन गेलं की सूचना येणारा मेलही जातो. त्याने आधीच स्वतःच्या नावावर घेतलं असेल तर आजच सांगा. नवीन नोंदवलेलं डोमेन पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, पण त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं अकाउंट उघडून त्यात बहुतेक ठिकाणी लगेच सरकवता येतं.