मोठ्या स्पर्धेआधी फुटबॉल संघ सलग जिंकत असेल, तर तो फॉर्मात आहे असं समजावं का?
नुसत्या निकालांवर जाऊ नका. आपलंच बघा. 2023 मध्ये भारताने इंफाळ, भुवनेश्वर, बंगळुरू अशा तीन ठिकाणी करंडक उचलले आणि आम्ही हवेत! पण तिन्ही घरच्या मैदानांवर. ऑक्टोबरमध्ये क्वालालंपूरला मलेशियाने 4-2 ने हरवलं, तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. नोव्हेंबरमध्ये कुवेतला जाऊन 1-0 जिंकलो, तेवढं खरं. मग जानेवारी 2024, कतारमधला आशियाई चषक: ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तिघांकडून हार. 6 गोल खाल्ले, केला एकही नाही. गोलसाठी भिस्त सगळी 39 वर्षांच्या स्ट्रायकर सुनील छेत्रीवर. मी तरी आता दोनच गोष्टी बघतो: परक्या मैदानावर काय होतंय, आणि मुख्य स्ट्रायकर सोडून गोल कोण करतंय.