कर्ज-विम्यावर लिहू की हळदीवर?

वसमतजवळच्या भावाने विचारलंय: "मराठीत ब्लॉग काढायचाय. कर्ज आणि विम्याच्या जाहिरातींना एका क्लिकचे जास्त पैसे मिळतात म्हणे. त्यावर लिहू का? घरी तीन एकर हळद आहे, पण त्यात कुठला आलाय पैसा?"

भाऊ, मला पैसा हळदीतच दिसतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

कर्ज-विम्याचा दर चढा असतो हे खरं, कारण तिथं बँका आणि कंपन्या चढाओढीने बोली लावतात. पण ही चढाओढ मुख्यतः इंग्रजीत. मराठीत जाहिरातदार कमी, त्यामुळे दरही उतरतो. शिवाय पैसा आणि आरोग्य या विषयांत लिहिणाऱ्याचा अनुभव, अधिकार गूगल जास्त कडकपणे तपासतं. नवख्याचा तिथं निभाव लागणं फार अवघड.

मी लातुरात सरकारी योजनांपासून सुरुवात केली होती. योजना जाहीर झाली की वाचक लोटायचे, आठवड्यात सामसूम. आलेला माणूस अर्ज भरायला आलेला असायचा, त्याला विकत काहीच घ्यायचं नसायचं. ॲडसेन्सचे, म्हणजे ब्लॉगवर गूगलच्या जाहिराती दाखवल्याचे, 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. ते जमायलाच मला सात महिने लागले. मग उस्मानाबादी शेळीवर लिहायला घेतलं. "शेळीपालनाचे फायदे" कुणी वाचलं नाही. "दहा शेळ्या, एक बोकड, गोठ्याला खर्च किती" हा लेख मात्र आजही चालतो, कारण तो वाचणारा महिन्याभरात पैसे घालणार असतो आणि चुकायची त्याला धास्ती असते. चाऱ्याचं बियाणं विकणाऱ्या एका दुकानदाराने त्या लेखाखालची जागा महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर घेतली. क्लिकचे पैसे त्यापुढे किरकोळ आहेत.

तेव्हापासून विषय निवडताना मी एकच बघतो: खिशात हात घालण्याआधी माणूस काय विचारतो?

आता तुमची हळद घ्या. एकरी साधारण 10 क्विंटल बेणं लागतं. लागवडीआधीच एवढा खर्च, आणि बेणं रोगट निघालं तर वर्ष गेलं. पावसाळ्यात पाणी साचलं की कंदकूज. पुढे काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश. ओल्या हळदीचा जेमतेम पाचवा हिस्सा वाळून हाती येतो, म्हणून हळद शिजवायचा कुकर भाड्याने आणायचा की चौघांत मिळून घ्यायचा, हा हिशोब घरोघरी चालतो. तो आकड्यांसकट, तुमच्याच शेतातल्या फोटोंसह लिहा. वसमत हळदीला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. घरची पावडर विकू पाहणाऱ्यांना पॅकिंग, खाद्य परवाना आणि ते नाव वापरायची नोंदणी, हे सगळं विचारायचं असतं. असा वाचक कुकर-पॉलिशर बनवणाऱ्याला हवा असतो, ठिबकवाल्याला हवा असतो, बेणं विकणाऱ्याला तर हवाच.

रोजच्या भावाच्या मागे लागू नका. ते व्हॉट्सॲपवर फुकट फिरतात आणि वाचक आकडा बघून निघून जातो. औषधाचं प्रमाण मनाने तर कधीच लिहू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस बघूनच लिहा. एका चुकीच्या आकड्याने कुणाचं तरी पीक जाईल.

पारख करायला पैसे लागत नाहीत. गूगलमध्ये "हळद" लिहून पुढे एकेक अक्षर टाका, सुचणारे प्रश्न वहीत उतरवा. हेच रोमन अक्षरांतही करा, आपली बरीच मंडळी मराठी तशीच टाइप करतात. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून कोणत्या महिन्यात काय शोधलं जातं ते बघा; तिथला 0 ते 100 आकडा शोधांची संख्या नसून तुलना असते, यात नवीन माणूस हमखास फसतो. पण सगळ्यात चांगले प्रश्न मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मिळतात. बिटाच्या, म्हणजे लिलावाच्या दिवशी आडतीवर दोन तास बसा आणि नुसतं ऐका.

मग लिहायच्या आधी पाच यंत्रवाल्यांना, बेणेवाल्यांना फोन करून विचारा, गिऱ्हाईक कुठून येतं आणि एका गिऱ्हाइकामागे काय खर्च होतो. पाचांतल्या दोघांनी जरी "तुमच्याकडून आलं तर देऊ काहीतरी" म्हटलं, तर विषय पक्का धरा. लागवड मे-जूनमध्ये, म्हणजे बेण्याची शोधाशोध त्याआधीच सुरू होते. गूगलवर लेख वर यायला काही महिने जातात, तेव्हा बेण्यावरचे लेख दिवाळीनंतर लगेच टाकायला घ्या. वहीतले प्रश्न इथं टाकलेत तर पहिले दहा कोणते घ्यायचे ते मी बघून सांगतो.