जंगलातली झाडं मातीतलं किरणोत्सर्गी प्रदूषण शोषतात का? मग झाडं लावून माती साफ करता येईल का?

शोषतात. पण झाडं लावून माती साफ होईल हे डोक्यातून काढून टाका. मुळं वर ओढतात, पानं गळली की तेच परत खाली, वर्षानुवर्षं वरच्या थरातच फिरत राहतं. अणुभट्टीच्या अपघातात पसरणाऱ्या किरणोत्सर्गी सिझियम-१३७चं अर्धायुष्यच (निम्मं संपायला लागणारा काळ) ३० वर्षं आहे.

मी लिहितेय कारण याच विषयावर एमएस्सीला माझं गाईडशी वाजलं होतं. सरांचं म्हणणं, सिझियम मातीला चिकटलं की विषय संपला, मुळांच्या हाती काही लागत नाही. शेतातल्या चिकणमातीपुरतं ते खरंय, तिच्या थरांच्या फटीत सिझियम घट्ट अडकून बसतं. पण जंगलात केसमुळं असतात कुजलेल्या पाल्यात, तिथं चिकणमाती नावाला, थर आम्लधर्मी, पोटॅशियमची चणचण, आणि मुळांना सिझियम पोटॅशियमसारखंच वाटतं, म्हणजे पोटॅशियम कमी पडलं की त्याच वाटेनं सिझियम आत.

मी कुंड्या लावल्या, निम्म्यांत चिकणमाती, निम्म्यांत पाल्याची कूज, दोन्हींत साधं सिझियम क्लोराइड सारखंच घातलं (किरणोत्सर्गी नसलं तरी रसायन म्हणून वागणं तेच). कुजीतल्या रोपांच्या पानांत कितीतरी जास्त निघालं. सर म्हणाले, मुळं नीट धुतली नाहीस. अहो, मी पानं मोजली होती! तरी सगळं पुन्हा केलं. रोप पाण्यात धरलं की मुळांभोवती पांढरे बुरशीचे धागे दिसायचे, केसाहून बारीक, चिमट्यानं सोडवायला गेलं की मुळंच तुटून हातात यायची. मुळं कुठं संपतात आणि बुरशी कुठं सुरू होते तेच कळेना. सरांनी शेवटी प्रबंधातून ते प्रकरण वगळायला लावलं आणि मी वगळलं, त्याचा राग अजून आहे.

कारण हीच चूक आधी मोठ्या प्रमाणावर होऊन गेली होती. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर १९८६ मध्ये ब्रिटनने डोंगराळ भागातल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंधनं घातली तेव्हा काही आठवड्यांत उठतील असा अंदाज होता, तो सखल भागातल्या चिकणमातीवरून बांधलेला. डोंगरावरची माती पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची), आम्लधर्मी. शेवटची बंधनं उठली २०१२ मध्ये! बव्हेरियात रानडुकरं जमिनीखालची हरीण-ट्रफल नावाची, सिझियम साठवणारी बुरशी उकरून खातात, त्यांच्या मांसात अजूनही किलोला ६०० बेकरेलची (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मर्यादा ओलांडलेली सापडते. सिझियम मातीत गाडलं गेलं असतं तर हे कुठून आलं?

हां, माझ्या कुंड्यांत सिझियम ताजं होतं, जुनं झालं की उचल कमी होत जाते. स्ट्रॉन्शियम-९० हे दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य वेगळं, ते कॅल्शियमच्या वाटेनं जातं. आणि अपघातानंतर सुरुवातीला मुळांपेक्षा पानांवर पडलेलंच जास्त असतं, जपानमध्ये फुकुशिमाच्या अपघातावेळी मार्चमध्ये पानझडी झाडं उघडी होती आणि ‘सुगी’ या जपानी सूचिपर्णी झाडाच्या सदाहरित शेंड्यांनी बरंच वरच अडवलं.

तुम्ही मोजमाप करणार असाल तर वीस सेंटिमीटर खणून सगळं एकत्र कालवू नका, पाला, कूज आणि खालची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, बुरशी वेगळी. आणि आकडे दोनदा तपासून तेच आले तर गाईड कितीही मोठे असोत, प्रकरण वगळू नका.