जुन्या मोटरहोमच्या डॅशबोर्डखालच्या कोणत्या अनोळखी तारा काढून टाकता येतील?

तुम्ही लिहिले आहे की टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली एक जुनी मोटरहोम तुम्ही नुकतीच विकत घेतली आहे, इंजिन चालू असतानाही तिचा बॅटरीचा लाल दिवा रात्री मंद पेटलेला दिसतो, इंडिकेटर दिला की डिझेलचा काटा नाचतो, कोणतेही चिन्ह नसलेला एक नारिंगी दिवा मनाला येईल तेव्हा लागतो आणि डॅशबोर्डखालच्या सात-आठ तारा कुठून कुठे जातात याचा पत्ता लागत नाही; तर यांतले काय काय काढून टाकले तर चालेल. या प्रश्नातले 'काढून टाकले तर' हे शब्द वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो, कारण नेमक्या याच शब्दांवरून माझे आणि माझ्या साडूभाऊंचे गेली काही वर्षे बिनसलेले आहे.

काहीही काढू नका. मी रेल्वेच्या सिग्नल विभागात 31 वर्षे नोकरी केली. तिथे विझलेला सिग्नल दिसला तर रस्ता मोकळा आहे असे चालकाने समजायचे नसते. त्या सिग्नलची जी सर्वांत कडक सूचना असू शकते, तीच मिळाली असे धरून चालायचे असते. डॅशबोर्डलाही हाच नियम लावावा. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली, की बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे, आणि तो न लागणे हा स्वतःच एक बिघाड आहे. ही साधी गोष्ट नागपुरात मला ज्यांना समजावून सांगता आली नाही, त्यांत साडूभाऊ पहिले.

आम्ही दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून 2019 साली अशीच एक गाडी घेतली. पूर्वी ती सहलींच्या भाड्याला चालत असे. मग कोण्या बॉडीवाल्याने तिच्यात दोन बंक, दोन पंखे, एक बारा व्होल्टचा फ्रिज आणि मागे दुसरी बॅटरी बसवली होती. बिलावर 'वायरिंग पूर्ण' एवढे दोनच शब्द होते, आकृती नव्हती. तुम्ही वर्णन केलेली सगळी लक्षणे आमच्या गाडीत होती, अगदी बिनचिन्हाच्या नारिंगी दिव्यासकट. मी म्हणालो की दोन रविवार द्या, मी वही घेऊन एकेक तार शोधतो. साडूभाऊंना डिसेंबरात चिखलदऱ्याला जायचे होते आणि त्यांच्या मते दोन रविवार म्हणजे निवृत्त माणसाचा वेळ घालवण्याचा उद्योग होता. मला न सांगता ते गाडी अमरावती रोडला एका इलेक्ट्रिशियनकडे घेऊन गेले. "साहेब, बल्बच काढून टाकतो न, झंझटच खतम," असे म्हणून त्या गृहस्थाने दहा मिनिटांत बॅटरीच्या दिव्याचा बल्ब काढला. गंमत अशी की त्यानंतर नारिंगी दिवाही आपोआप लागेनासा झाला. एका बल्बच्या खर्चात दोन दुखणी गेली, म्हणून साडूभाऊंनी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते.

चिखलदऱ्याच्या घाटात अंधार पडल्यावर हेडलाइट पिवळे पडू लागले. धुके असेल, असे ठरले. आमच्या गाडीचा डिझेल पंप यांत्रिक असल्याने बॅटरी बसत चालली तरी इंजिनाने कुरकुर केली नाही आणि आम्ही वर पोहोचलो. रात्री कधीतरी फ्रिज बंद पडला आणि दूध नासले. सकाळी चावी फिरवली तेव्हा सेल्फचा फक्त 'टक' असा आवाज आला. मागच्या बॅटरीची मदत घ्यावी म्हटले, तर तीही रिकामी. थंडीत शाली पांघरून आमच्या दोघांच्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या, आणि एका जीपवाल्याच्या पाया पडून जंपर लावून घेणारे आम्ही दोघे. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. गाडी सुरू झाल्यावर मी मीटर लावला. इंजिन चालू असूनही बॅटरीवर 12.1 व्होल्ट दिसत होते, जिथे 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. मग एकदा जोरात रेस दिली आणि आकडा एकदम 14 वर गेला. तेव्हा बल्ब आठवला.

बॅटरीचा दिवा हा नुसता सूचना देणारा दिवा नसतो. चावीच्या स्विचकडून येणारी तार त्या बल्बमधून जाऊन इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या, डी प्लस टर्मिनलला मिळते. चावी फिरवली की याच बल्बमधून थोडासा प्रवाह रोटरच्या, म्हणजे डायनॅमोच्या फिरत्या भागाच्या, गुंडाळीत जातो आणि तेवढ्याने तिचे चुंबकत्व जागे होते. निर्मिती सुरू झाली की डी प्लसवर बॅटरीइतकेच व्होल्टेज येते, बल्बची दोन्ही टोके सारखी होतात आणि तो विझतो. बल्बच काढला तर रोटरला सुरुवातीचा प्रवाह मिळत नाही. लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर डायनॅमो भरपूर वेगात एखादे वेळी उठतो, एखादे वेळी उठत नाही. आम्ही घाटात हळूहळू चढत होतो, त्यामुळे तो उठलाच नाही. मागच्या बॅटरीला चार्जिंग देणारा रिलेही (थोड्या प्रवाहाने चालू-बंद होणारा स्विच) बॉडीवाल्याने या डी प्लसवरूनच चालवला होता, आणि तो नारिंगी दिवा त्या रिलेच्या कॉइलला समांतर जोडलेला होता. म्हणजे ज्या दिव्याच्या विझण्याचा आनंद झाला, तो दिवा 'मागची बॅटरी आता चार्ज होत आहे' एवढेच सांगत होता.

मग मूळचा मंद उजेड कशाचा होता? बल्ब मंद पेटतो याचा अर्थ त्याच्या दोन टोकांच्या व्होल्टेजमध्ये फरक आहे, आणि तो फरक कोणत्या बाजूला आहे हे मोजल्याशिवाय डायनॅमोला हात लावू नये. डी प्लसची बाजू कमी असेल तर डायनॅमोतला एखादा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेल्याचा संशय घ्यावा. आमच्याकडे डी प्लसवर 13.9 आणि चावीच्या बाजूला 11.7 व्होल्ट होते, उलटाच प्रकार. बॉडीवाल्याने पंखे, टेपरेकॉर्डर आणि ब्लोअर यांचा सगळा भार चावीच्या स्विचमागच्या एका पीळ मारून टेप गुंडाळलेल्या जोडावर टाकला होता. स्विच हाताला गरम लागत होता, हे त्या इलेक्ट्रिशियनला एकदा हात लावला असता तरी कळले असते. तो भार वेगळ्या रिलेवरून फ्यूज घालून थेट बॅटरीवर नेल्यावर बल्ब परत बसवला आणि तो इंजिन सुरू होताच निमूटपणे विझला.

नाचणाऱ्या काट्याचे कारण जवळजवळ नेहमीच डॅशबोर्डवरच्या मीटरची खराब अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी, असते. मीटरला परतीची नीट वाट मिळाली नाही, की प्रवाह दुसऱ्या एखाद्या बल्बमधून उलटा घुसून परततो; म्हणून एका स्विचमुळे भलताच दिवा लागतो आणि काटा इंडिकेटरच्या तालावर हलतो. आमच्या गाडीत अर्थिंगचे थिंबल (तारेच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) प्लायवुडवर ठेवून खालच्या रंगवलेल्या पत्र्यात स्क्रू मारलेला होता, आणि नारिंगी दिव्याची व त्या रिलेची अर्थिंगही त्याच स्क्रूखाली होती. तुम्ही मीटरच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड तार तात्पुरती धरून पाहा. नाच थांबला तर पत्रा घासून चकचकीत करा आणि थिंबल तिथे नटबोल्टने आवळा.

आता अनोळखी तारांबद्दल. तारेच्या रंगावर विसंबू नका, कारण बॉडीवाले घरगुती वायर वापरतात. आमच्याकडे हिरवी तार, जी घरात अर्थिंगची असते, तिच्यात पंख्याचा पॉझिटिव्ह होता. मूळ कारखान्याच्या तारांवर मात्र विसंबता येते. या गाडीचे मूळ जर्मन मर्सिडीज व्हॅनमध्ये आहे आणि रिलेच्या बुडाशी व स्विचमागे जर्मन पद्धतीचे क्रमांक सापडतात: 30 म्हणजे थेट बॅटरी, 15 म्हणजे चावीनंतरचा प्रवाह, 31 म्हणजे अर्थिंग, 50 सेल्फकडे जाणारा, 58 पार्किंगचे दिवे, 61 चार्जिंगचा दिवा, 85 आणि 86 रिलेची कॉइल, 87 तिचे आउटपुट. एवढे आकडे माहीत असले तरी निम्म्या तारा आपली ओळख सांगतात. उरलेल्यांसाठी एका वेळी एकच फ्यूज काढा, सगळे स्विच चालवून पाहा, काय बंद पडले ते वहीत लिहा आणि तारेला कागदी चिठ्ठी बांधा. शोधायला नुसता डिजिटल मीटर घेऊ नका, 21 वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्पही घ्या. तारेतला जोड गंजून जेमतेम टेकलेला असला तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो. बल्ब मात्र नीट पेटत नाही. जोडांवर काळी टेप गुंडाळू नका, नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तिचा गोंद वितळून टेप सरकते आणि उघडा जोड पत्र्याला लागतो. हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, घाला.

एखादी तार खरोखरच कुठेही जात नसेल तर तीही कापून टाकू नये. दोन्ही टोके झाकून तिथेच राहू द्यावी आणि वहीत तशी नोंद करावी. साडूभाऊ याला कंजूषपणा म्हणतात. त्यांना हे सांगून उपयोग नाही की पुढच्या वर्षी कॅमेरा बसवताना अशीच एक 'निरुपयोगी' तार थेट मागच्या दारापर्यंत तयार मिळाली आणि प्लाय उचकटावा लागला नाही. दुरुस्तीला शेवटी किती रविवार लागले, हेही सांगतो: दोन.

काही गोष्टी खरे तर आधीच सांगायला हव्या होत्या. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर वायरिंगचा विचार नंतर करा, इंजिन आधी बंद करा. ब्रेकचा दिवा विझत नसेल तर हँडब्रेकचा स्विच पाहण्याआधी ब्रेक ऑइलची पातळी पाहा. वर लिहिलेले सगळे जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीबद्दल आहे. तुमची गाडी बीएस-6 असेल तर संगणकाच्या तारांना आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला टेस्ट लॅम्प टोचू नका, तिथे स्कॅनरच लावावा लागतो. मागच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर तिच्या अगदी जवळ फ्यूज नसेल तर आजच बसवा, कारण फ्यूज नसलेल्या जाड तारेने लागणारी आग दिवा लावून सूचना देत नाही. गाडीत 230 व्होल्टची जोडणी असेल तर ती बारा व्होल्टच्या तारांपासून वेगळी काढून परवानाधारक वायरमनला दाखवा. आणि आरसी बुकात गाडीचा बदललेला प्रकार नोंदलेला आहे की नाही तेही पाहून घ्या. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

साडूभाऊंचे म्हणणे आजही असे आहे की चिखलदऱ्याला बल्बमुळे काही झाले नाही, बॅटरीच जुनी होती. तीच बॅटरी त्यानंतर आम्ही अडीच वर्षे वापरली.