वाचकांचे प्रश्न : डेटा थोडा, टेबले हजारो

प्रश्न : आमच्या संस्थेच्या शाखांची सुमारे 820 संकेतस्थळे वर्डप्रेस मल्टिसाइटवर (एकाच वर्डप्रेसमधून अनेक संकेतस्थळे चालवण्याची सोय), एकाच डेटाबेसमध्ये आहेत. ती व्यवस्थित उघडतात. मात्र पीएचपीमायअॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळण्याचे साधन) डेटाबेसच्या नावावर क्लिक केले की पान मिनिटभर फिरत राहते, कधी कोरेच येते. सर्व्हरवर मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीची 5.7 ही आवृत्ती असून डेटा जेमतेम 6 जीबी आहे. रॅम वाढवावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : रॅमसाठी खर्च करण्याची घाई करू नये. मल्टिसाइटमध्ये प्रत्येक संकेतस्थळासाठी दहा टेबले तयार होतात, म्हणजे प्लगइनची टेबले न धरताही आपल्याकडे आठ हजारांहून अधिक टेबले आहेत. वाचकाने एखादे पान उघडले, तर त्यांपैकी मोजकीच टेबले लागतात. पीएचपीमायअॅडमिन मात्र यादी दाखवताना टेबलांच्या ओळी, आकार आणि प्रकार यांची विचारपूस करते. मायएसक्यूएल 5.7 मध्ये प्रत्येक टेबलाची रचना स्वतंत्र एफआरएम फाइलीत असते आणि ही माहिती देण्यासाठी सर्व्हरला ते टेबल उघडावे लागते. उघडलेली टेबले हाताशी ठेवणाऱ्या 'टेबल ओपन कॅश'ची मूळ मर्यादा 2000 असल्याने यादीच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत सुरुवातीची टेबले बाहेर गेलेली असतात, आणि पान पुन्हा उघडले की सारे पहिल्यापासून.

तेव्हा आधी ही विचारपूसच कमी करावी. पीएचपीमायअॅडमिनच्या कॉन्फिग फाइलीत 'मॅक्सएक्झॅक्टकाउंट' शून्य करावे. एरवी इनोडीबी (मायएसक्यूएलची टेबले साठवण्याची नेहमीची पद्धत) प्रकारच्या ज्या टेबलात 50,000 पेक्षा कमी ओळी असाव्यात असा अंदाज असतो, त्यातील ओळी हे साधन खरोखर मोजते, आणि आपली बहुतेक टेबले त्याच मापाची असणार. शून्य केल्यावर अंदाजाचाच आकडा '~' या चिन्हासह दिसेल. रोजच्या कामाला तो पुरतो. यादी आकारानुसार लावण्याचा मोहही टाळावा, कारण दिसणाऱ्या पानावर 250 टेबले असली, तरी सर्वांत मोठे टेबल कोणते हे ठरवण्यासाठी सगळ्यांचीच माहिती काढावी लागते.

हे केवळ पीएचपीमायअॅडमिनचे दुखणे नाही. मायएसक्यूएलचा कमांडलाइन क्लायंटसुद्धा (आज्ञा टाइप करून वापरायचा प्रोग्राम) डेटाबेस निवडताच टेबलांची आणि कॉलमांची नावे आपोआप पूर्ण करता यावीत म्हणून सगळी वाचत बसतो. सुरू करताना कॅपिटल '-ए' दिले की तो लगेच हजर होतो. एखादे टेबल पाहायचे असेल, तर मी स्वतः तोच मार्ग धरतो.

कायमचा उपाय मायएसक्यूएलची आवृत्ती बदलण्याचा आहे. 8.0 पासून एफआरएम फाइली गेल्या आणि टेबलांची माहिती इनोडीबीतील डेटा डिक्शनरीत (सर्व टेबलांच्या रचनेची एकत्र नोंद) आली, शिवाय 5.7 ला ऑक्टोबर 2023 नंतर नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मिळत नाही. थेट 8.4 वर उडी मारता येत नाही, मधे 8.0 वर थांबावे लागते. या नव्या आवृत्त्यांत ओळींचे आकडे 24 तासांपर्यंत साठवलेले दाखवले जातात, त्यामुळे नुकत्याच भरलेल्या टेबलाचा आकडा जुना दिसला, तर घाबरून न जाता त्या एका टेबलावर 'अॅनालाइझ टेबल' ही आकडे ताजे करणारी आज्ञा चालवावी.