सही करण्याआधी क्लॅरिसा वाचलीस ते बरं झालं

"ताई, मी इंग्रजीत एम.ए. करते. अठराव्या शतकातली कादंबरी हा एक पेपर आहे. पुढच्या महिन्यात लग्न. आजोबांनी मृत्युपत्रात जमीन दादाला आणि मला निम्मी-निम्मी दिली, सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत. दादा म्हणतो, लग्नाआधी हक्कसोडपत्रावर सही कर, माहेर तुटायला नको. मला जमिनीचा मोह नाही. पण 'क्लॅरिसा' वाचल्यापासून झोप उडालीय. मैत्रीण हसते, म्हणते त्या जुन्या बायकांचं काय मनावर घेतेस!"
– एक वाचक, सातारा

मैत्रिणीला हसू दे. तू मनावर घे, फक्त कादंबरीतली नेमकी जागा धर.

इंग्रज लेखक सॅम्युएल रिचर्डसनची ही अगडबंब कादंबरी (१७४७-४८) आपण क्लॅरिसाच्या मागे लागलेल्या लव्हलेसच्या नीचपणाची गोष्ट म्हणून वाचतो. तो नीच आहेच. पण तो तिला पळवतो त्याच्या कितीतरी आधी तिच्या हातून घर गेलेलं असतं. आजोबा स्वतःचे मुलगे आणि बाकीची नातवंडं बाजूला ठेवून इस्टेट क्लॅरिसाला देतात. भाऊ-बहीण जळतात. घरात वितुष्ट नको म्हणून ही गुणी पोर सगळा कारभार आपणहून वडिलांच्या हाती सोपवते. बदल्यात काय मिळतं? सोल्म्स नावाचं ओंगळ स्थळ, कारण त्याच्याशी सोयरीक झाली की घराण्याच्या जमिनीचं भलं होणार असतं. नाही म्हणाली तर खोलीत कोंडतात. तिचा भाऊ जेम्स म्हणतो, मुलगे म्हणजे आपल्या ताटासाठी पाळलेल्या कोंबड्या आणि मुली दुसऱ्यांच्या ताटासाठी. आपल्याकडे याला 'परक्याचं धन' म्हणतात. कोंबडीपेक्षा ऐकायला बरं, एवढंच!

मला सर्वांत लागलं ते पुढचं. मैत्रीण अ‍ॅना हाऊ सांगत राहते, इस्टेट ताब्यात घे, तिथे जाऊन राहा. लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे कायदा तिच्या बाजूने होता. क्लॅरिसा म्हणते, वडिलांशी कज्जा करणार नाही. शेवटी हक्काचं छप्पर असून तिच्यावर लव्हलेसच्या बग्गीत बसायची पाळी येते.

लग्न झालेलीला तर तीही वाट नव्हती. लग्नात बायकोचं कायदेशीर अस्तित्व स्थगित होतं, असं इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनने १७६५ साली लिहून ठेवलंय. श्रीमंत बाप करारमदार करून लेकीचा पैसा राखायचे, बाकीच्यांचं नशीब. बायकोला स्वतःच्या मालमत्तेचा हक्क देणारे १८७० आणि १८८२चे कायदे यायला अजून शंभर वर्षं होती. म्हणून डॅनिएल डिफोच्या कादंबरीतली रोक्साना (१७२४) गरोदर असूनही डच व्यापाऱ्याशी लग्नाला नकार देते. पहिल्या नवऱ्याने बिअरचा धंदा घालवून तिला पाच मुलांसह टाकलेलं असतं. आता गाठीला चार पैसे आहेत, ते कोण सोडेल? गंमत बघ, हा भला माणूस म्हणतो, तुझ्या पैशाला हात लावणार नाही. मग पैसा हेच कारण होतं हे कबूल करायची तिला लाज वाटते आणि बाई स्वातंत्र्यावर व्याख्यान देत बसते.

तुझं 'मला मोह नाही' हे वाक्य मला त्याच लाजेतलं वाटलं. असू दे की थोडा मोह. आजोबांनी दिलंय, चोरलेलं नाहीस.

तेव्हा लग्नाआधी सही नाही. भांडूही नकोस. "लग्न पार पडू दे, वर्षभराने निवांत बसू," एवढंच दादाला सांग. तो काही जेम्स हार्लो नसेल. लग्नाच्या खर्चाने टेकीला आला असेल तर त्या खर्चाचं मोकळेपणाने बोला, त्यात जमीन आणू नका. पुढे खरंच द्यावीशी वाटली तर तेव्हाही देता येईल, पण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे फिरवणं सोपं नसतं. मसुदा आला तर तुझ्या वकिलाला दाखव, दादाच्या नाही. होणाऱ्या नवऱ्याच्या कानावर जरूर घाल. परवानगी मात्र मागू नकोस.

ताजा सातबारा काढून तुझ्याजवळ ठेव. आणि कादंबरीचा शेवटचा भाग राहिला असेल तर लग्नानंतर वाच, हळदीच्या आदल्या रात्री नको.

– तुझी ताई