पोल्ट्रीवाल्या दादांची लेक आणि गणित सोडायचा अर्ज

विट्याजवळच्या एका वडिलांचं पत्र आलंय, नाव-गाव देत नाही, मजकूर थोडक्यात असा:

"मॅडम, आमचं ६ हजार लेअरचं शेड आहे. मुलगी ११वी सायन्सला सांगलीत हॉस्टेलवर. आम्ही म्हणतोय नीट दे, एमबीबीएस नाही लागलं तर व्हेटर्नरी कर, घरचाच धंदा आहे. तिचं म्हणणं, मला रानातले पक्षी म्हातारे कसे होतात ते शिकायचंय. परवा गणित सोडायच्या अर्जावर सही मागत होती, पक्ष्यांना गणित कशाला म्हणे. वर शेडमध्ये उभी राहून म्हणती, पप्पा आपल्या कोंबड्या दीड वर्षात थकल्या आणि तिकडं समुद्रावर एक मादी सत्तरी ओलांडून अंडं घालती, असं का? मला काय उत्तर देता आलं नाही. असलं शिकून पोट भरतं का?"

दादा, आधी एक काम करा, त्या अर्जावर सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

पोरगी सांगती ते खरं आहे बरं का. पॅसिफिक समुद्रात मिडवे नावाचं बेट आहे, तिथं लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची विस्डम नावाची मादी आहे. १९५६ साली चँडलर रॉबिन्स या शास्त्रज्ञांनी तिच्या पायात कडी घातली तेव्हा ती अंड्यावर बसलेली होती, आणि हा पक्षी पाच वर्षांच्या आत अंडं घालत नाही, म्हणजे जन्म १९५१ च्या आसपास धरायचा. २००२ मध्ये त्याच रॉबिन्सना ती परत सापडली. ते २०१७ ला वारले, ९८ वर्षांचे होऊन, आणि हिनं २०२४ च्या शेवटाला परत अंडं घातलं, २०२५ च्या जानेवारीत पिल्लू बाहेर आलं!

आता तिच्या "असं का" चं अर्धं उत्तर तुमच्या शेडमध्येच आहे. तुमची लेअर ७२ आठवड्यांत तीनशेच्या वर अंडी देती. एका अंड्याच्या कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, त्यातलं काही खाद्यातनं येतं, काही ती रात्रीतनं स्वतःच्या हाडातनं काढती. म्हणून तर तुम्ही शिंपल्याचा चुरा टाकता, आणि तरीपण शेवटी शेवटी कवच पातळ होतं, तुरा फिकट पडतो, एखादी पाय धरून बसती ती उठतच नाही. अल्बट्रॉस वर्षाला जास्तीत जास्त एकच अंडं घालती, कधीकधी वर्षभर सुट्टीपण घेती. शरीराला मिळणारं खाणं ठराविक, ते पिल्लांवर घालायचं का स्वतःच्या डागडुजीवर, हा हिशोब प्रत्येक जिवाला करावा लागतो. तुमच्या कोंबडीचा हिशोब माणसानं ठरवून दिलाय, रानातल्या पक्ष्याचा त्याचा त्याला जमवावा लागतो. तिला शिकायचंय ते एवढंच आहे, फार काही हवेतलं नाही.

आणि हे नुसतं अंदाजानं बोलत नाहीत लोक, करून बघितलंय. स्वीडनमध्ये गॉटलंड बेटावर माशीमार जातीचा एक छोटा पक्षी आहे, त्याच्या काही घरट्यांत शास्त्रज्ञांनी दुसरीकडची पिल्लं आणून ठेवली, म्हणजे आईबापाला मुद्दाम जादा काम लावलं. १९९० ला ते छापून आलं. ज्या माद्यांना जादा पिल्लं वाढवावी लागली त्या पुढच्या वर्षांत कमी अंडी घालायला लागल्या, आणि ज्यांनी पहिल्याच वर्षी संसार मांडला त्या दुसऱ्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांपेक्षा पुढं मागं पडल्या. आपल्याकडच्या आयांना हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, पण आकडे लावून दाखवणं वेगळं.

उत्तराचा दुसरा भाग परिस्थितीचा, म्हणजे कुठं राहतोय, काय खातोय, कुठला आजार, मदतीला कोण. सेशल्समध्ये कझिन म्हणून २९ हेक्टरचं बेट आहे, आपल्या भाषेत जेमतेम सत्तर एकर, तिथल्या एका वटवट्याची, म्हणजे छोट्या पक्ष्याच्या एका जातीची, संख्या १९६८ ला तीसच्याही खाली आली होती. आता शेकड्यानं आहेत आणि १९८५ पासून त्यांच्यावर सलग अभ्यास चालू आहे, बेट सोडून पक्षी जवळजवळ जातच नाहीत म्हणून कोण कुणाची लेक, कोण कधी मेला, सगळं वहीत असतं. तिथं काही घरट्यांवर मोठी पिल्लं आईला मदत करायला थांबतात. ज्या मादीला अशी मदत मिळते ती वय झाल्यावर कमी झपाट्यानं ढासळती, तिचे टेलोमेअरपण कमी झिजतात. (एकत्र कुटुंबात सून कमी थकती असा अर्थ मी काढत नाही, आमच्याकडं पण आत्याबाई आहेत.)

टेलोमेअर म्हणजे काय तर कासऱ्याच्या टोकाला उसवू नये म्हणून आपण गाठ मारतो ना, तसं पेशीतल्या गुणसूत्राच्या टोकाला असतं, पेशी विभागत जातील तसं ते झिजत जातं. या कामाला २००९ चं नोबेल मिळालंय. पक्ष्यांच्या बाबतीत सोय अशी की त्यांच्या लाल रक्तपेशीत केंद्रक असतं, आपल्यात नसतं, त्यामुळं पंखाच्या शिरेतनं एक थेंब रक्त घेतलं तरी डीएनए भरपूर मिळतो. पक्षी कापडी पिशवीत घालून वजन करायचं, कडीचा नंबर वाचायचा, थेंब घ्यायचा, सोडून द्यायचं, चांगला हात बसलेला माणूस काही मिनिटांत उरकतो. फक्त टेलोमेअर बघितला की वय कळतं असं मात्र तिनं समजू नये, तो झिजेचा अंदाज देतो, जन्मदाखला नव्हे.

आजाराचं तर तुम्हाला मी काय सांगणार, मानमोडीची लस एक दिवस चुकली तर काय होतं ते तुम्ही बघितलंय. पण रानात गंमत वेगळी आहे. स्वीडनमधल्याच एका तळ्याकाठी, बोरूच्या बनात राहणाऱ्या एका मोठ्या वटवट्यात पक्ष्यांचा मलेरिया असतो, जुनाट, हलका, बघून पक्षी धडधाकट दिसतो, गातोय, पिल्लं काढतोय. २०१५ ला लक्षात आलं की या न दिसणाऱ्या आजारानं टेलोमेअर लवकर झिजतात, आयुष्य कमी होतं आणि जन्मभरात पिल्लंही कमी होतात. म्हणजे जो पक्षी दुर्बिणीतनं निरोगी दिसतोय तो निरोगी असेलच असं नाही, हे या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं वाक्य आहे.

आता गणिताकडं येते, कारण खरं भांडण तिथंच आहे.

तुम्ही ७५ व्या आठवड्याला शेडमध्ये पाहुणा आणला आणि तो म्हणाला, अरे म्हाताऱ्या कोंबड्या काय मस्त आहेत की! तुम्ही हसाल. कारण अशक्त होत्या त्या मेल्या, काही तुम्ही काढून विकल्या, राहिल्यात त्या मुळातच दणकट. पाहुण्याला उरलेल्या दिसतात, गेलेल्या दिसत नाहीत. रानातल्या पक्ष्यांत हाच घोळ शंभरपट. तिथं पांढरे केस नाहीत, सुरकुत्या नाहीत, मोठा झालेला पक्षी दोन वर्षांचा का बारा वर्षांचा हे बहुतेक जातींत नुसतं बघून सांगता येत नाही. आणि दहा वर्षांचे पक्षी दोन वर्षांच्यापेक्षा जास्त पिल्लं काढतायत असं दिसलं तर वय वाढल्यानं ते हुशार झाले का फक्त तगडेच दहा वर्षांपर्यंत पोचले, हे कसं ओळखायचं? तर तोच एक पक्षी वर्षानुवर्षं धरून त्याची त्याच्याशीच तुलना करायची, शिवाय जो यंदा दिसला नाही तो मेला का नुसता नजरेतनं सुटला याचाही हिशोब मांडायचा. हे सगळं संख्याशास्त्र आहे. ऑक्सफर्डजवळ वायथमच्या जंगलात १९४७ पासून ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या घरट्यांच्या नोंदी आहेत, पिढ्यानपिढ्या पक्षी आणि पिढ्यानपिढ्या विद्यार्थी. तिथं दुर्बीण घेऊन फिरणारा माणूस संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून हेच करत असतो.

मी हे इतकं कळवळून सांगती कारण मी स्वतः एकदा चुकलीय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पोरीला मीच म्हणलं होतं, तुला प्राण्यांची आवड आहे ना, मग गणिताचा ताण कशाला घेतेस, सोड. एमएस्सीला गेल्यावर तिला दोन वर्षं रडत रडत संख्याशास्त्र शिकावं लागलं. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते टोचतं.

आणि व्यवहारात पण बघा. आयसर म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या सरकारी संस्था, त्यांची आयएटी ही प्रवेश परीक्षा असती, ६० प्रश्न, त्यात जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित प्रत्येकी १५. बारावीला गणित नसलं तरी फॉर्म भरता येतो पण पेपर तर तोच, ते १५ प्रश्न काय नशिबावर सोडायचे? पुण्याचं आयसर आपल्याला जवळचं, पाच वर्षांचा बीएस-एमएस. हा एक रस्ता.

दुसरा रस्ता साधा, इथंच बीएस्सी झूऑलॉजी करायचं, सांगलीत विलिंग्डन आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे, आणि मग एमएस्सीला वाइल्डलाइफकडं वळायचं, देहरादूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट किंवा बेंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था. जागा फार थोड्या, देशभरातनं पोरं येतात, गोड बोलून फसवणार नाही.

तिसरा तुमच्या मनातला, आणि तो वाईट मुळीच नाही. नीट द्यायची, शिरवळला व्हेटर्नरी कॉलेज शेजारच्याच सातारा जिल्ह्यात आहे, साडेपाच वर्षं, हातात डिग्री, आणि पुढं वन्यप्राण्यांच्या आरोग्याकडं जाता येतं, ज्याला पक्ष्याच्या रक्ताचा थेंब घेता येतो आणि आजारही कळतो असा माणूस या क्षेत्रात कमीच आहे. फक्त तिला "घरचा धंदा आहे म्हणून" असं सांगून पाठवू नका. ती नाही म्हणती ते व्हेटर्नरीला नाही, तुमच्या त्या वाक्याला नाही म्हणती असा माझा अंदाज आहे.

पोट भरतं का? स्पष्ट सांगते. नेट-जेआरएफ, म्हणजे परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, निघाली की पीएचडीला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं ४२,०००, घरभाडं वेगळं. ते चांगलंय. पण पीएचडी पाच-सहा वर्षं खाती, आणि त्यानंतरच्या कायम नोकऱ्या मोजक्या. काहीजण प्राध्यापक होतात, काही एमपीएससीतनं वनसेवेत जातात, काही प्रकल्पांच्या आधी लागणाऱ्या पर्यावरण सर्व्हेच्या कामात. पोल्ट्रीसारखा आठवड्याला पैसा हातात खेळत नाही, तिशीपर्यंत घरच्यांनी दम धरायची तयारी पाहिजे. ती तयारी आहे का हे पोरीला नका विचारू, तुम्ही नवराबायको बसून एकमेकांना विचारा.

आणि हे सगळं परदेशातच चालतं असंही नाही. साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत ना, आपण तिथं फोटो काढायला जातो, तिथं बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी काम केलं आणि २०१८ ला छापलं. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाले, तर खाली सरडे वाढले, आणि त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी निघालं, पण अंगानं ते बारीक होते, खाणारी तोंडं वाढली म्हणून. पक्ष्यांच्या म्हातारपणाचं काम नव्हे ते, पण आजूबाजूचं बदललं की जिवाच्या तब्येतीत काय बदलतं हाच प्रश्न, आणि तो आपल्या घाटावर बसून सोडवलेला.

आता तिला कामाला लावायचं असेल तर असं लावा. रानातल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, जाळं लावणं, कडी घालणं हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवानगीशिवाय चालत नाही, हे तिला ठणकावून सांगा, ऑनलाइन बघून पोरं नको ते करतात. पण परसातल्या गावरान वीस कोंबड्यांना रंगीत प्लॅस्टिकच्या कड्या घालायला कुणाची परवानगी लागत नाही, तुमची सोडून. कुठल्या रंगाची किती दिवस अंड्यावर, किती दिवस खुडूक, पिसं कधी झडली, महिन्याला वजन किती, वर्षभर लिहू दे. वर्षभर न कंटाळता लिहिलं तर पोरगी या कामाची आहे, आणि तिसऱ्या महिन्यात वही कोपऱ्यात पडली तर तेही स्वस्तात कळलं. सुट्टीत मायणीच्या तलावावर घेऊन जा तिला, तुम्हाला काय लांब नाही, आणि तुम्ही पण थांबा तिथं तासभर, गाडीत बसून फोनवर खाद्याचे रेट विचारत बसू नका.

तोपर्यंत तुमच्या शेडचं रजिस्टर तिला द्या. रोजची अंडी, खाद्य, मर. मागच्या तीन बॅचचं तिनं आठवड्यावार ग्राफवर काढावं आणि बघावं की उतार कुठल्या आठवड्याला लागतो, उन्हाळ्यात लागलेली बॅच आणि थंडीतली बॅच यात फरक पडतो का. याला अकरावीचं गणित पुरतं. मग बघू परत कशी म्हणती पक्ष्यांना गणित कशाला.

रविवारी सांगलीला येणार असाल तर दोघं विश्रामबागला या, अकरानंतर मी असते. रजिस्टर सोबत आणा, ते मरीचं पान फाटलेलं असलं तरी चालेल. आणि येताना एक कोडं तिला घाला: आपल्या कोंबडीचे मूळ पूर्वज लाल रानकोंबडे, मग तिला पिवळे पाय कुठनं आले? उत्तर चांदोलीच्या जंगलात ओरडत फिरतंय, आपला राखी रानकोंबडा, पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडनं आलंय. लगेच सांगू नका, तिला शोधू दे.